पुंडलिकसेठांचा उजवा हात

पुंडलिकसेठांच्या घरात मी भाडेकरू म्हणून राहत होतो, रोज त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्याशी बोलत होतो. तरीही त्यांचा उजवा हात मी प्रथम नीट पाहिला तो वर्ध्याला, जड वाहनाच्या परवान्याच्या परीक्षेत. तोवर तो हात त्यांच्या दुपट्ट्याखाली असे. आमच्याकडे खांद्यावरच्या उपरण्याला दुपट्टा म्हणतात. सेठांचा दुपट्टा उजव्या खांद्यावरून गुडघ्यापर्यंत उतरलेला असे, आणि सणावाराची भांडी फडताळात ठेवावीत तसा तो हात त्याच्या आत ठेवलेला असे. जेवताना तो बाहेर येत असणार, हे उघड आहे. पण जेवायला ते भिंतीकडे तोंड करून बसत.

यामागे कसलेही व्यंग नव्हते. पुंडलिकसेठ पिढीजात कापसाचे अडते होते, आणि त्यांच्या घराण्याने शिकलेल्या बाजारात भाव तोंडाने बोलला जात नसे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली जाई, तिथे बोटे दाबली जात, सोडली जात, पुन्हा दाबली जात. वर दोन्ही चेहरे पावसापाण्याविषयी बोलत असत. भोवती जमलेल्यांना फक्त कापड हलताना दिसे. पुढे बाजारात उघडा लिलाव आला, तरी सेठांच्या हाताने ती सुधारणा स्वीकारली नाही. चारचौघांत तो उघडा पडणे त्यांना अंगावरचे वस्त्र सुटण्यासारखे वाटे.

मी वर्ध्याजवळच्या आंजीच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. खोलीचे विचारायला गेलो तेव्हा सेठांनी माझा हात आपल्या दुपट्ट्याखाली ओढून घेतला आणि माझी बोटे हळुवारपणे दाबली. परक्या गावात एवढा जिव्हाळा पाहून माझे मन भरून आले, आणि मीही त्यांची बोटे जरा जास्तच प्रेमाने दाबली. त्या प्रेमाचे भाडे मी पुढे अनेक वर्षे भरत राहिलो.

त्यांचे बोलणे थोडे असे. कोणी भांडण घेऊन येवो, कोणी मुलीचे स्थळ घेऊन येवो, कोणी घराच्या सामाईक भिंतीची तक्रार आणो, सेठांचे उत्तर एकच: "बसू, बोलू, जमवू." आणि खरोखरच बहुतेक वेळा ते बसत, बोलत आणि जमवत. न जमणारी गोष्ट जगात असते, हे त्यांना उशिरा कळले.

ते कळले सरकारने कापसाची खरेदी आपल्याकडे घेतली तेव्हा. अडत्यांची दुकाने बंद पडली. सरकार बसत नव्हते, बोलत नव्हते, आणि मुख्य म्हणजे सरकारला बोटे नव्हती. सेठांनी महिनाभर दुकानाच्या बंद दाराशी बसून पाहिले. मग उरलेसुरले गोळा करून एक जुना ट्रक घेतला. आर्वी, वर्धा, पुलगाव अशी मालाची ने-आण करायची आणि पूर्वीसारखेच कोणाच्या ताबेदारीत न राहता जगायचे, असा त्यांचा विचार होता.

ताबेदारी मात्र घरापुढेच उभी राहिली. तिचे नाव गुलाबराव. आंजीत जड वाहनाचा परवाना असलेला हा एकटाच गृहस्थ. मिशीला तेल लावल्याशिवाय तो इंजिनला तेल घालत नसे. सेठांनी सकाळी निघायला सांगितले तर तो दुपारी निघे, पुलगावला जायला सांगितले तर वाटेत नाचणगावला मेव्हण्याकडे जेवून, झोपून जाई. एका बाजारच्या दिवशी सेठांनी त्याला याचा जाब विचारला. गुलाबराव भर बाजारात ट्रकच्या पायरीवर चढला.

"सेठ, गाडी तुमची हाये, मी कुठी नाई म्हनतो? पन इथून ते एक हात पुढं घेऊन दाखवा. मंग मले बोला."

"गुलाबराव, बसू, बोलू..."

"बसू कायले? उभ्यानंच सांगा ना, साऱ्यायले आयकू जाऊ द्या!"

बाजार हसला. मीही तिथे भाजी घेत होतो, आणि माझा चेहरा गंभीर राहिला असे मला म्हणता येणार नाही. सेठ वळून घराकडे चालू लागले. दुपट्टा मात्र थरथरत होता.

घरी येऊन त्यांनी जाहीर केले, "आता या गुलाब्याच्या हातानं गाडी चालनार नाई. मी चालवीन. नाई त उभी राहीन."

रुखमाकाकू, म्हणजे सेठांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या ना जी उभी. कोंबड्यायले अंडे द्याले जागा झाली."

ट्रक दारात उभा राहिला आणि कोंबड्यांनी काकूंचा शब्द खरा केला.

जीपचा साधा परवाना सेठांजवळ जुना होता. तो त्यांना कसा मिळाला, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्या वेळच्या साहेबांनी जीप चालू झाल्याचा आवाज आतूनच ऐकला आणि सही केली. जड वाहनाचे तसे नव्हते. त्यासाठी शिकावे लागणार होते, आणि शिकताना शेजारी परवानाधारक माणूस बसलेला हवा होता. म्हणजे गुलाबराव. चालक म्हणून काढलेल्या माणसाला सेठांनी शिक्षक म्हणून परत बोलावले. त्याने अट घातली की शिकवणीपुरते आपल्याला 'गुरुजी' म्हणावे. तोवर गावात गुरुजी मला म्हणत. थोड्याच दिवसांत गुलाबराव गुरुजी झाला आणि मी नुसता मास्तर उरलो. त्या बढतीबद्दल शिक्षण खात्याकडे दाद मागण्याची सोय नव्हती.

नवल असे की सेठ गाडी उत्तम शिकले. अरुंद गल्लीतून ट्रक मागे घेताना त्यांनी कोणाच्या कुडाची एक काडी मोडली नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना चाक वीतभर मागे येत नसे. अडचण एकच होती. स्टिअरिंगला दोन हात लागतात म्हणून त्यांनी दुपट्टाच स्टिअरिंगवर पसरला होता, आणि दोन्ही हात त्याच्या खाली होते. त्या काळी ट्रकच्या दिव्यांवर कोणी विश्वास ठेवीत नसे. उजवीकडे वळायचे तर चालकाने उजवा हात खिडकीबाहेर सरळ काढायचा, थांबायचे तर तो वरखाली करायचा, मागच्याला पुढे जाऊ द्यायचे तर मागून पुढे झुलवायचा, असा नियम होता आणि परीक्षाही त्याचीच असे.

"सेठ, हात!" गुलाबराव वळणावर ओरडे.

"देला ना."

"कुठी देला?"

"अंदर."

"अंदर देलेला कोनाले दिसते बावा?"

"ज्याले समजाचं त्याले समजते."

अशा तयारीनिशी आम्ही वर्ध्याला पहिल्या परीक्षेला गेलो. मला सोबत नेले होते ते साहेबांशी चार शब्द शुद्ध बोलण्यासाठी.

परीक्षा घेणारे साहेब ठरलेल्या दिवशी बाहेरगावाहून येत. बारीक अंगाचे, मे महिन्यातही गळ्यापर्यंत गुंड्या लावणारे. स्वतःचा चहा ते थर्मासमधून आणत आणि उमेदवाराच्या हातचे पाणीसुद्धा घेत नसत. ते पूर्णपणे स्वच्छ होते. त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी बरे बोलत नसे. जगातले सारे अपघात चालकांनी हात बाहेर न काढल्यामुळे होतात, अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्या आधी नाचणगावच्या एका तरुणाने मैदानावरची दोन पिंपे आडवी केली आणि कुंपणाची तार ओढत नेली. परंतु हे सारे करताना त्याचा उजवा हात खिडकीबाहेर ताठ होता. साहेबांनी त्याला पास केले. "त्याचा हेतू रस्त्याला कळत होता," असे ते म्हणाले.

सेठांनी पिंपांना स्पर्शही न करता ट्रक मागे घेतला, चढावर थांबवला, उचलला. मग रस्त्यावर पहिले वळण आले.

"हात," साहेब म्हणाले.

दुपट्टा हलला.

"हात!"

दुपट्टा जोरात हलला. ट्रक सुरेख वळला, मैदानावर परतला, आणि साहेबांनी लिहायला पेन्सिल काढली. काहीतरी बिनसले आहे हे सेठांना कळले. ते खाली उतरले, साहेबांजवळ गेले, आणि साहेबांना काही कळण्यापूर्वी त्यांचा हात दुपट्ट्याखाली घेऊन त्यांनी दोन बोटे दाबली.

साहेब विंचू चावल्यासारखे मागे सरले. "हे काय करता आहात तुम्ही?"

"बसू, बोलू, जमवू, साहेब. इचारून राह्यलो फक्त."

इथे माझ्या शुद्ध भाषेची गरज होती. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, गैरसमज नसावा. हे आपल्याशी सौदा करीत नाहीत. केवळ आपली अपेक्षा जाणून घेत आहेत."

माझ्या आयुष्यात मी बोललेल्या वाक्यांपैकी, व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही, हे वाक्य मला सर्वांत जास्त छळते. साहेबांनी मैदानावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात 'नापास' असे म्हटले आणि थर्मास उघडून त्यातल्या चहाने हात धुतले.

दुसऱ्या परीक्षेत सेठांनी हात बाहेर काढला; पण दुपट्ट्यासकट. खिडकीतून पांढरे कापड फडफडत राहिले. मागच्या बैलगाडीवाल्याने हाक मारून विचारले, "वो, धुनं वाळू घातलं काय जी?" साहेब म्हणाले, "मला हात दाखवा. कापड नको."

तिसऱ्या वेळी काकूंनी दुपट्टा पेटीत टाकून कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. सेठ उघड्या खांद्याने, उजवा हात सदऱ्यात खुपसून ट्रकवर चढले. आंजीहून निघताना त्यांचा चेहरा असा होता की कोणी त्यांना राम राम करायलाही धजले नाही. परीक्षेच्या वेळी मी मागे हौद्यात उभा होतो. मोकळ्या रस्त्यावर खिडकीच्या काठाशी त्यांची बोटे आलेली मला दिसली; नखांपुरतीच, पण आली. पुढे वर्ध्याच्या बाजाराचे वळण होते. तिथल्या कडुनिंबाखाली जुने अडते रिकामपणी येऊन बसत. सेठांचे सारे आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी, आता तितकेच बेकार. ते दिसताच बोटे झटकन आत गेली. ट्रक खूण न करता वळला आणि मागून येणाऱ्या बैलगाडीची दांडी त्याला येऊन टेकली. बैलांना काही झाले नाही. निकाल काय लागला हे सांगायला नको.

परतताना मी विचारले, "सेठ, क्षणभर हात बाहेर काढला असता तर काय झालं असतं?"

"साऱ्या बाजारानं पाह्यला असता."

"पाहिला असता. मग?"

सेठांनी स्टिअरिंगकडे पाहिले. ते आता गुलाबरावाच्या हातात होते. "मास्तर, बाजार बंद झाला. दुकान बंद झालं. हा एकच राह्यला होता झाकलेला."

त्या वेळी मला या उत्तराची गंमत वाटली होती, आणि ओसरीवर जमलेल्या मंडळींना मी ते नकलेसह ऐकवलेही. पन्नाशी उलटल्यावर माणसाच्या लक्षात येते की आपणही काही ना काही कापडाखाली धरून बसलेलो असतो. फक्त आपल्याला त्याची परीक्षा द्यावी लागत नाही.

कापसाचा हंगाम आला. सरकारी केंद्रापर्यंत कापूस नेण्यासाठी शेतकरी ट्रक शोधत होते, आणि सेठांचा ट्रक दारात उभा होता. टायर जमिनीत रुतू लागले. काकू म्हणाल्या, "घरात दोघं बसून हायेत. एक तुमी, एक गाडी. दोघायले बी तेलपानी रोज लागते. आता काय त एक ठरवा."

गुलाबराव येऊन अट सांगून गेला. तो पुन्हा चालक म्हणून यायला तयार होता. पण सेठांनी बाजारच्या दिवशी, दुपट्टा न घेता, भर बाजारात हात जोडून 'गुरुजी, गाडी चालवा' असे म्हणायचे.

 त्याच संध्याकाळी सेठांनी काकूंकडे पेटीची किल्ली मागितली. काकूंना वाटले, आता दुपट्टा घेऊन हे कायमचे घरात बसणार. पण सेठांनी पेटीतून फक्त पूर्वीच्या परीक्षांचे कागद घेतले.

"हात उघडा कराचाच हाये त सरकारपुढं करीन," ते म्हणाले. "त्या गुलाब्यापुढं नाई."

चौथ्या परीक्षेला मी पुन्हा हौद्यात होतो. साहेबांनी नेमका बाजाराचाच रस्ता सांगितला. कडुनिंबाखाली सारे अडते हजर होते. गुलाबरावाने आदल्या दिवशी त्यांना आमंत्रणच दिले होते, आणि तो स्वतःही त्यांच्यात उभा होता. वळण जवळ आले. खिडकीतून आधी बोटे आली. मग मनगट. मग कोपर. मग सबंध हात.

तो हात मी तेव्हा पाहिला. वर्षानुवर्षे ऊन न लागलेला तो हात विलक्षण गोरा होता, त्या रापलेल्या वृद्ध चेहऱ्याशी त्याचे काहीच नाते नसल्यासारखा. लांब बोटांचा.  कडुनिंबाखाली हसण्यासाठी आलेली ती माणसे. त्यांच्यापैकी सर्वांत म्हातारे अडते उठले आणि पाठ फिरवून उभे राहिले, कोणी वस्त्र बदलत असताना सभ्य माणसाने उभे राहावे तसे. मग एकेक करून सगळेच पाठ फिरवून उभे राहिले. गुलाबराव तेवढा पाहत राहिला. त्याला ही रीत कोणी शिकवली नव्हती.

ट्रक वळला. हात बाहेरच. रस्ता सरळ झाला, तरी हात बाहेरच.

"पुरे," साहेब म्हणाले.

हात बाहेर.

"अहो, आत घ्या आता!"

मैदानावर पोहोचून इंजिन बंद झाले तेव्हा कुठे तो आत गेला. साहेबांनी कागदावर लिहिले आणि माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात प्रथमच उमेदवाराची स्तुती केली. "हात उत्तम," ते म्हणाले. ट्रकबद्दल काही बोलले नाहीत. ट्रक कसा चालला, हे त्यांनी पाहिले असेल असे मला वाटत नाही.

खाली उतरल्यावर सेठ माझ्याजवळ आले. "उजवा हात सरकारले देला, मास्तर. डावा अजून माहा हाये."

ते त्यांनी शब्दशः पाळले. त्यानंतर ट्रक चालवताना त्यांचा उजवा हात खिडकीतून कधी आत गेला नाही. वळण असो नसो, तो बाहेर असे. वर्धा-आर्वी रस्त्यावरचे लोक आधी हात पाहत आणि मग ट्रक. गुलाबराव चहाच्या टपरीवर सांगे, "तो हात माहा शागीर्द हाये." काकू म्हणत, "इतके वर्सं झाकून ठेवला, आता हवा खाऊन राह्यला. खाऊ द्या." कोंबड्यांची ट्रकमधली जागा गेल्यामुळे अंडी शोधायचे काम मात्र त्यांना पुन्हा परसात करावे लागले.

माझी बदली झाली. आंजी सुटले. ट्रकना खात्रीचे लुकलुकणारे दिवे आले आणि खिडकीतून हात काढणारे चालक दिसेनासे झाले.

ऐंशीनंतरच्या दशकातली, संत्र्यांच्या दिवसांतली गोष्ट. तळेगाव श्यामजी पंतहून मी एसटीने नागपूरकडे निघालो होतो. डाव्या खिडकीशी बसलो होतो. पुढे संत्र्यांनी भरलेला एक जुना ट्रक चालला होता, आणि त्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. आमच्या चालकाने भोंगा वाजवला. तो हात मागून पुढे, मागून पुढे, शांतपणे झुलला: या, पुढे जा. एसटी बाजूला येऊन हळूहळू पुढे सरकू लागली आणि तो हात माझ्या खिडकीखाली आला. आता तो चेहऱ्याइतकाच काळा झाला होता.

मी वाकून आत पाहिले. पुंडलिकसेठच होते. शेजारी संत्र्यांचा एक जाडजूड व्यापारी बसला होता. दोघांचे चेहरे समोरच्या आभाळाकडे होते आणि बहुधा पावसापाण्याविषयी बोलणे चालले होते. दोघांच्या मध्ये दुपट्टा पसरलेला होता, आणि तो हलत होता.

मी हाक मारणार होतो. पण सौदा चालू असताना हाक मारू नये, एवढे मी त्यांच्या घरात शिकलो होतो. बस पुढे गेली, आणि मग माझ्या ध्यानात आले: उजवा हात बाहेर होता, तो मी पाहिला. डावा दुपट्ट्याखाली व्यापाऱ्याच्या बोटांत होता. साहेबांनी पाहिले असते तर त्यांनी पुन्हा एकदा पासच केले असते. मी घाईने मान वळवली. स्टिअरिंगवर कोणाचाही हात नसलेला तो ट्रक रस्त्याची कड धरून अगदी सरळ येत होता, आणि खिडकीतला उघडा हात अजून आम्हाला वाट देत होता.